वेंडेलबाईंच्या चिठ्ठ्या आणि आमचं मुकं यंत्र

ज्या माणसानं एकतीस वर्षं रॉइटलिंगेन शहराच्या जमिनी मोजल्या, त्याला स्वतःच्या स्वयंपाकघरातली साठ सेंटिमीटरची फट धड मोजता आली नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. मी नाही सांगितलं तर तळमजल्यावरचे कोल्बसाहेब सांगतील, आणि ते तिखटमीठ लावून सांगतात. परवा बेकरीच्या रांगेत त्यांनी ही हकिकत तीन अनोळखी बायकांना ऐकवली. मी मागेच उभा होतो.

पण खरं दुखणं त्या फटीचं नाही. आमच्या खाली राहणाऱ्या वेंडेलबाई घर सोडून गेल्या, आणि त्यांना मी घालवलं. तसं माझ्या मनात नव्हतं. मला फक्त आवाज न करणारं भांडी धुण्याचं यंत्र घ्यायचं होतं, आणि घेतल्यावर त्याबद्दल कौतुकाची एक ओळ हवी होती. लेखी.

आमची इमारत तीन मजल्यांची, गृहसंस्थेच्या मालकीची, आम्ही सगळे भाडेकरू. खाली कोल्बसाहेब. ते यंत्रांच्या कारखान्यातून निवृत्त झाले, पण सल्ला देण्यातून अजून झालेले नाहीत. मधल्या मजल्यावर वेंडेलबाई, वय त्र्याऐंशी. जन्मभर कोर्टात टंकलेखन केलेलं. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. मुलगा राइनर लांब ब्रेमेनला. तो दर नाताळात यायचा आणि म्हणायचा, "आई, आता एकटी राहू नकोस, माझ्याजवळच्या वृद्धाश्रमात छान खोली आहे." बाई म्हणायच्या, "माझ्या जिन्याच्या बत्तीस पायऱ्या माझ्या ओळखीच्या आहेत. तुझ्या ब्रेमेनमध्ये माझ्या ओळखीचं कोण आहे?" हे संवाद जिन्यात चालायचे, त्यामुळे सगळ्या इमारतीला पाठ होते. आणि सगळ्यात वर आम्ही दोघं, मी लोथार झाउटर आणि माझी बायको गुद्रुन.

जुनं यंत्र गुद्रुनच्या आत्याकडून आलेलं. गुद्रुन त्याला ट्रॅक्टर म्हणायची. आमच्याकडे संध्याकाळचं जेवण म्हणजे पाव, चीज, काकडीचं लोणचं. सव्वासातला सगळं आटपतं. साडेसातला मी ट्रॅक्टरचं बटण दाबायचो. आधी तो घसा खाकरायचा, मग पोटात दगड घोळवल्यासारखा आवाज करायचा, आणि मध्येच असा हादरायचा की वरच्या फळीवरचे पेले एकमेकांना भेटायला सरकायचे. आठच्या बातम्या आम्ही चित्रं पाहून समजून घ्यायचो. आम्हाला त्याची सवय झाली होती. खालच्यांना झाली नसावी, असं मी समजत होतो, कारण दर गुरुवारी आमच्या टपालपेटीत वेंडेलबाईंची चिठ्ठी यायची.

चिठ्ठी निळ्या शाईत, रेघा मारलेल्या कागदावर. तारीख, वेळ, विषय, मग मजकूर, शेवटी 'स्नेहपूर्वक नमस्कार'. कोर्टातल्या बाई. नमुना सांगतो. 'वेळ संध्याकाळी सात वाजून चौतीस मिनिटं. विषय: आपलं यंत्र. आज चार मिनिटं उशीर. कालच्यापेक्षा घरघर जास्त. पंपात काही अडकलं असावं, पाहून घ्यावं.' पाहिलं तर लिंबाची बी निघाली. किंवा: 'रविवारी यंत्र लागलं नाही. प्रकृती ठीक आहे ना?' मी हे गुद्रुनला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि म्हणायचो, "बघ, टोमणे कसे मारतात!"

"टोमणा कशावरून?" गुद्रुन म्हणायची. "विचारलंय तर सांग जाऊन, मावशीकडे गेलो होतो म्हणून. एक मजला खाली आहेत त्या."

"बेल वाजवू? कारण नसताना?"

आमच्या भागात कारण नसताना कुणी कुणाची बेल वाजवत नाही. माणूस दार उघडतो आणि आधी विचारतो, "काय झालं?" काहीच झालं नाही असं सांगणं फार अवघड जातं. म्हणून मी चिठ्ठीला भोकं पाडून ती फाइलला लावायचो. अकरा वर्षांत फाइली चार झाल्या, चिठ्ठ्या पाचशेच्या वर. एकीलाही मी उत्तर दिलं नाही. मला वाटायचं, हाच माझा मोठेपणा.

गेल्या उन्हाळ्यात मात्र एक चिठ्ठी आली आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. 'मोजणी खात्यातल्या माणसाला स्वतःच्या घरातला आवाज मोजता येऊ नये, याचं नवल वाटतं.' मी तेव्हाच ठरवलं, या बाईला आता असं यंत्र आणून दाखवायचं की तिनं कान जमिनीला लावला तरी काही ऐकू येऊ नये.

"तिचा कान जमिनीला लागणार नाही," गुद्रुन म्हणाली. "आपली जमीन म्हणजे तिचं छत."

दुकानात विक्रेता आम्हाला एका यंत्रापुढे घेऊन गेला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. आम्हीही उभे राहिलो. थोड्या वेळानं मी म्हटलं, "लावून दाखवा की."

"लावलंय," तो म्हणाला. "वीस मिनिटं झाली."

त्यानं जमिनीकडे बोट दाखवलं. यंत्राच्या पायाशी फरशीवर एक लाल ठिपका पडला होता. यंत्र चालू आहे की नाही हे कानाला कळत नाही, म्हणून त्यांनी डोळ्यांची सोय केलेली. माझा जीव भांड्यात पडला. गुद्रुननं विचारलं, "ज्याचा आवाज येत नाही, ते नीट धुतं कशावरून?" विक्रेत्यानं तिच्याकडे फार करुणेनं पाहिलं. मी सही करून टाकली.

यंत्र आलं ते एका सोमवारी, दोन धिप्पाड माणसांच्या खांद्यावरून, आणि फटीत जाईना. खाली साठ सेंटिमीटर दोन मिलिमीटर होते, ते मी मोजले होते. वर भिंतीच्या फरशा पुढे आलेल्या, तिथे एकोणसाठ सेंटिमीटर तीन मिलिमीटर. वर मी मोजलंच नव्हतं. भिंती सरळ असतात असं मी धरून चाललो. शेतांच्या हद्दी वाकड्या असतात हे मला खात्यात पहिल्या दिवशी शिकवलं होतं. भिंतींचं कुणी बोललं नव्हतं.

दोघांतला एक म्हणाला, "साहेब, मोजलं कुणी?"

गुद्रुननं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

कोल्बसाहेब आवाज ऐकून वर आलेच होते. ते म्हणाले, "सात मिलिमीटर फरशी फोडा. पण गृहसंस्थेची परवानगी घ्या हं झाउटर. लेखी. मागे एकानं विचारल्याशिवाय खिळा ठोकला, त्याला भिंत रंगवून द्यावी लागली."

मी अर्ज केला. संस्थेनं नकाशा मागितला. नकाशा म्हटल्यावर माझ्यातला अधिकारी जागा झाला. एकास पाचच्या प्रमाणात, तीन बाजूंनी, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढून मी तो पाठवला. आठवड्यानं उत्तर आलं: स्वयंपाकघराची उत्तरेकडची भिंत ही संस्थेच्या नोंदीत पूर्वेकडची आहे, तरी खुलासा करावा. मी खुलासा केला. त्यांनी माणूस पाठवला. त्यानं होकायंत्र आणलं नव्हतं, म्हणून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. बाण माझाच बरोबर निघाला, हा या सगळ्या प्रकरणातला माझा एकमेव विजय. तोवर एकोणीस दिवस नवं यंत्र आमच्या बोळात उभं होतं आणि संडासला आम्ही अंग तिरकं करून जात होतो. गुद्रुननं त्याच्यावर टेबलक्लॉथ घालून फुलदाणी ठेवली. आत ट्रॅक्टर चालूच होता. त्याला बहुधा कुणकुण लागली असावी, कारण त्या दिवसांत तो फारच कण्हायचा.

अखेर एका मंगळवारी सकाळी नऊ ते साडेबारा, म्हणजे दुपारच्या शांततेच्या तासांआधी, छिन्नी-हातोड्यानं फरशा फोडल्या. शांत यंत्र बसवायला जो आवाज झाला तो ट्रॅक्टरनं अकरा वर्षांत केला नसेल. नवं यंत्र बसलं. जुनं खाली फुटपाथवर नेऊन ठेवलं, मोठ्या कचऱ्याची गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती. गुरुवारी चिठ्ठी आली: 'मंगळवारी सकाळी ठोकाठोक. विषय: चौकशी. आपलं यंत्र रस्त्यावर दिसलं. आपण घर सोडून जात आहात का? तसं असल्यास कळवावं.'

"हा मात्र टोमणा आहे," मी म्हटलं.

"हा प्रश्न आहे लोथार. शेवटी प्रश्नचिन्ह आहे."

मी भोकं पाडली आणि फाइलला लावली. ती शेवटची चिठ्ठी होती, हे मला तेव्हा कळलं असतं तर मी अनवाणी खाली धावत गेलो असतो.

नव्या यंत्राबरोबर राहणं म्हणजे घरात एखादा अबोल पाहुणा ठेवण्यासारखं होतं. तो कधी जेवला, कधी झोपला, काही कळत नाही. ठिपका दिसावा म्हणून खाली वाकायचं, तर ठिपक्यावर माझीच चप्पल. सपाता, म्हणजे लोकरीच्या. त्या वेंडेलबाईंच्या तिसऱ्या चिठ्ठीनंतर घेतलेल्या. मी दोनदा चालू यंत्राचं दार उघडून अंघोळ केली. गुद्रुननं धुतलेल्या ताटल्यांत उष्ट्या ताटल्या मिसळल्या आणि आम्ही दोन दिवस कुठल्या ताटलीत जेवतोय याचा वाद घातला. धुणं संपलं की ते दार आपोआप उघडायचं आणि वाफ सोडायचं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा गुद्रुन हातातली बटाट्याच्या सॅलडची वाटी घेऊन शेजारच्या खोलीत गेली आणि बराच वेळ आली नाही. माझी मेहुणी जेवायला आली होती, तिनं तो लाल ठिपका बिटाचा डाग समजून फडक्यानं पुसला. निघेना, म्हणून साबण लावला. आम्ही दोघांनी तिला सांगितलं नाही. तिचं मन राखायचं म्हणून असेल, किंवा आम्हाला मजा वाटत होती म्हणून असेल.

कोल्बसाहेब आवाज मोजायचं उपकरण घेऊन आले. सगळ्यांना श्वास रोखायला लावून त्यांनी मोजलं. "हा तुमचा फ्रिज," ते म्हणाले. मग, "हा माझा गुडघा." यंत्राचा आवाज शेवटपर्यंत सापडला नाही. त्यांनी तसं मला कागदावर लिहून सही करून दिलं. तो कागद मी फाइलच्या अगदी वर लावला आणि गुरुवारची वाट पाहू लागलो.

गुरुवारी चिठ्ठी नव्हती. मी शीळ घालत वर आलो. पुढच्या गुरुवारी नव्हती. शीळ घातली, पण थोडी हळू. तिसऱ्या गुरुवारी टपालपेटीत हात घालून मी आतले कोपरे चाचपले. आता मला राग येऊ लागला होता. आवाज होता तेव्हा पाचशे चिठ्ठ्या, आणि बंद केला तर एक ओळ नाही? 'यंत्र ऐकू आलं नाही, आभारी आहे.' त्याला शाई किती लागते?

"तू चिठ्ठीची वाट बघतोयस," गुद्रुन म्हणाली.

"मी न्यायाची वाट बघतोय."

"मग बेल वाजव."

वाजवली नाही.

आता झाडू-आठवड्याचं सांगितलं पाहिजे. आमच्याकडे जिना भाडेकरूंनी आळीपाळीनं झाडायचा. ज्याची पाळी, त्याच्या दाराच्या मुठीला लाकडी पाटी लटकते. शनिवारी झाडून-पुसून झालं की रविवारी ती पुढच्याच्या दाराला लावायची. यात चूक होत नाही. लोक लग्नाचा वाढदिवस विसरतात, ही पाटी विसरत नाहीत. वेंडेलबाई तर पायरीच्या कोपऱ्यात जुना टूथब्रश फिरवायच्या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पाटी त्यांच्या दाराला होती. शनिवार गेला. सोमवारी मी कामावर निघालो तर दुसऱ्या पायरीवर चेस्टनटचं एक मोठं पिवळं पान, आणि ते शुक्रवारपासून तिथेच होतं. पाटी अजून त्यांच्याच दाराला.

खाली कोल्बसाहेब पानाकडे पाहत उभे होते. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा," ते दबक्या आवाजात म्हणाले. "मी बोलणार नाही. पण कुणीतरी बोललं पाहिजे."

खरं तर चाळीस वर्षांत पहिल्यांदा पान पडून राहिलं म्हटल्यावर आम्ही दोघांनी वर धावत जायला हवं होतं. ते दार वाजवायला हवं होतं, नाही उघडलं तर फोडायला हवं होतं. पण आम्हाला त्यात फक्त चूक दिसली, आणि तीही दुसऱ्याची. माझ्या मनात काय आलं ते मी लपवत नाही: मला आनंद झाला. अकरा वर्षांनी माझ्याकडे तक्रार करायला काहीतरी होतं.

त्या संध्याकाळी मी तीन कच्चे मसुदे करून चिठ्ठी लिहिली. 'आदरणीय वेंडेलबाई, या आठवड्यात जिना झाडला गेला नाही, हे खेदानं नमूद करतो. आपल्या वयात जिना झेपत नसल्यास तसं मोकळेपणानं कळवावं, म्हणजे पुढील व्यवस्था करता येईल. लोथार झाउटर.' मला ती अतिशय सभ्य वाटली. 'मोकळेपणानं' या शब्दावर तर मी खूश होतो.

गुद्रुननं वाचली आणि चष्मा काढला. "हे टाकू नकोस."

"का? त्यांनी पाचशे टाकल्या."

"त्यांच्या पाचशेत एकदाही तुझं वय नव्हतं."

मी जाऊन टाकून आलो.

बुधवारी संध्याकाळी आमची बेल वाजली. दारात राइनर वेंडेल, ओला रेनकोट, हातात माझी चिठ्ठी.

"काय झालं?" मी विचारलं. आमच्याकडे तेच विचारतात.

"आभार मानायला आलो," तो म्हणाला. "आई फोनवर काहीतरीच बोलायला लागली होती, म्हणून धावत आलो. शुक्रवारी चक्कर येऊन पडली. तीन तास स्वयंपाकघरात जमिनीवर बसून होती. हाड मोडलं नाही, नशीब. रक्तदाबाच्या गोळ्यांचा सगळा घोळ. काही दिवस घेतल्याच नाहीत, काही दिवस दोनदा घेतल्या."

गुद्रुननं त्याला आत बसवलं. तो खुर्चीच्या टोकावर बसला आणि बोलत राहिला. "मी विचारलं, आई, इतकी वर्षं बरोबर घेत होतीस, आताच काय झालं? तर म्हणते, वरच्यांचं यंत्र लागलं की घ्यायचे. तेच माझं घड्याळ. आता लागत नाही, तर मला कळत नाही आज घेतली की काल." तो हसला. "यंत्राचा आवाज! मला वाटलं, झालं, आता डोकंही गेलं हिचं."

मी लाल ठिपक्याकडे पाहिलं. साडेसात वाजून गेले होते. यंत्र चालू होतं आणि त्याचा पत्ता कुणालाच नव्हता.

"डोकं शाबूत आहे त्यांचं," गुद्रुन म्हणाली. "आमच्याकडे यंत्र होतं. आम्ही बदललं."

"असेल हो. पण मला ब्रेमेनहून किती धावता येणार? ती काही ऐकत नव्हती. म्हणत होती, इमारतीत माणसं आहेत, एकटी कुठे आहे मी. मग टपालपेटीत ही मिळाली." त्यानं चिठ्ठी टेबलावर ठेवली. "मी तिला वाचून दाखवली. म्हटलं, बघ, शेजारीसुद्धा लिहितात आता तुला झेपत नाही. तिनं पेन मागितलं. कागदावर सही केली. झाउटरसाहेब, मला दोन वर्षं जे जमलं नाही ते तुमच्या तीन ओळींनी झालं."

त्यानं माझा हात हातात घेऊन दाबला. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटलेली नाही. मी काहीतरी पुटपुटलो, चिठ्ठी मागे घेतो, जिना मी झाडीन, बाईंचाही झाडीन. तो म्हणाला, "तुम्ही फार चांगले आहात." खोली ठरली होती. शनिवारी निघायचं होतं.

मग मी जे केलं ते सांगायला नको, पण कोल्बसाहेबांकडून कळण्यापेक्षा बरं. गुरुवारी साडेसातला मी यंत्राच्या आत बिडाचं पातेलं ठेवलं, त्यात तीन डाव उभे केले, असे की पाण्याचा फिरता दांडा त्यांना ठोकेल. बटण दाबलं. थोडा वेळ खण् खण् असा आवाज आला. ट्रॅक्टरची सर नव्हती, पण होता. मी जमिनीला कान लावून पडलो. सातव्या मिनिटाला यंत्र थांबलं आणि त्याच्या पट्टीवर एक अनोळखी आकडा लुकलुकू लागला. शुक्रवारी मी पुन्हा लावलं, पातेलं थोडं सरकवून. शनिवारी सकाळी टपालपेटीत चिठ्ठी होती. मी ती जिन्यातच उघडली. कोल्बसाहेबांची होती. विषय: ठोकाठोक.

"बेल," गुद्रुन म्हणाली. एवढंच म्हणाली.

मी खाली गेलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा वेंडेलबाईंच्या दाराची बेल वाजवली. आत खोकी रचलेली. बाई कोट घालून, टोपी घालून, खुर्चीवर पाहुण्यासारख्या बसल्या होत्या. राइनर गाडीत सामान ठेवायला गेला होता.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "सहज आलो."

त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "पातेल्यात डाव ठेवून धुऊ नका. दांडा मोडेल. काल ऐकलं मी."

"ऐकू आलं?" मला काय बरं वाटलं म्हणून सांगू.

"गोळीही घेतली." त्यांनी पर्स उघडली आणि माझी चिठ्ठी काढली. तिच्यावर लाल पेन्सिलीनं खुणा केलेल्या. "तारीख नाही. वेळ नाही. विषय नाही. तक्रार अशी लिहितात? कोर्टात ही पहिल्याच टेबलावरून परत गेली असती. आणि 'मोकळेपणानं' कशाला? तो शब्द काढा, काही बिघडत नाही."

"वेंडेलबाई, मी ती लिहायला नको होती."

"का नको? अकरा वर्षांत हे तुमचं पहिलं उत्तर. यंत्र फुटपाथवर पाहिलं, मग वरून काही ऐकू येईना. मला वाटलं, माझ्या कटकटीला कंटाळून गेलात तुम्ही. राइनरनं ही वाचली तेव्हा आधी बरं वाटलं मला. म्हटलं, आहेत म्हणजे." त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. "मग पुढचं ऐकलं."

काहीतरी चांगलं सांगावं म्हणून मी म्हटलं, "तुमच्या सगळ्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्यात. एकूण एक. फाइलला लावून."

"फाइलला?"

"तारखेप्रमाणे."

बाईंनी हातमोजे चढवले, एकेक बोट नीट बसवत. "मला वाटायचं, फेकून देत असाल," त्या म्हणाल्या. "फाइलला लावण्यासाठी नव्हत्या हो त्या, झाउटर. उत्तर देण्यासाठी होत्या."

राइनर आला. आम्ही तिघं बत्तीस पायऱ्या उतरलो, त्या मोजत, मी त्यांचा कोपर धरून. दुसऱ्या पायरीवर पान नव्हतं. मी पहाटे उठून सगळा जिना झाडला होता, कोपऱ्यात टूथब्रश फिरवून. त्यांनी कोपरा पाहिला आणि मान हलवली. आमच्याकडे त्याहून जास्त कौतुक कुणी करत नाही.

आता खाली एक तरुण जोडपं आलं आहे. सभ्य आहेत, सपाता घालतात, त्यांचंही यंत्र मुकं आहे. साडेसातला वर आमचा ठिपका लागतो, खाली त्यांचा लागत असेल. कोण आहे, कोण नाही, काही कळत नाही. म्हणून मी महिन्यातून एकदा त्यांची बेल वाजवतो. ते घाबरतात. काय झालं विचारतात. मी म्हणतो, काही नाही.

आणि दर गुरुवारी मी ब्रेमेनला चिठ्ठी पाठवतो. तारीख, वेळ, विषय. 'संध्याकाळी साडेसात. विषय: आमचं यंत्र. काल नेहमीप्रमाणे लावलं, काही ऐकू आलं नाही. याबद्दल तीव्र नाराजी आहे. गोळी घेतली का? स्नेहपूर्वक नमस्कार.' आजवर सतरा पाठवल्या. राइनर म्हणतो, पोचतात, आई त्या खिडकीशी बसून वाचते. उत्तर एकीचंही आलेलं नाही.

गुद्रुन म्हणते, हात थरथरत असेल त्यांचा, लिहिवत नसेल. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, त्या फाइलला लावत असतील.